न सुधारलेली ओळ

सोमवारी अमरावतीहून देवश्रीने फोनवर आईला पुन्हा समजावलं, "मुलं ऑनलाइन पानावर एकत्र लिहितात ते ठीक, पण चुका तूच दुरुस्त कर." बार्शीटाकळीच्या शाळेत शिकवणारी आई हसली. "मी काहून करू वं पोरी? एकाचं चुकलं की दुसरा सुधरवते. मी नुसती पाहून राहिली." मंगळवारी शाळेला निघताना आई कोसळली ती कायमचीच. भेटायला येणाऱ्यांसमोर देवश्री थकून फक्त मान हलवत राहिली. तेराव्यानंतर आईकडचा शाळेचा लॅपटॉप परत द्यायला ती वर्गात गेली आणि तो उघडला. पडद्यावर तेच पान होतं. मुलांनी एकमेकांच्या चुका सुधारल्या होत्या. मंगळवारची एकच ओळ तशीच होती: 'बाई आज आल्या नाहीत, उद्या येतील.' "ही कुणीच का सुधारली नाही?" देवश्रीने विचारलं. "हिंमतच नाई झाली, मॅडम," मुलं म्हणाली. "तुमीच पुसा." इतक्या दिवसांत देवश्रीने ते पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने उच्चारलं, "बाई येणार नाहीत. माझी आई गेली."