फळीचं माप

आठ वर्षांपूर्वी बाबांच्या विरुद्ध शर्यतीत उतरणाऱ्या विब्रेनकाकांनी गलबतांच्या शर्यतीच्या समितीकडे बाबांची तक्रार केली. आमच्या जुन्या शिडाच्या गलबताच्या दोन्ही अंगांना, वाऱ्यानं आडवं घसरू नये म्हणून पाण्यात सोडायच्या फळ्या नियमापेक्षा दोन बोटं रुंद आहेत म्हणे. होत्याच. बाबा कायमचे बाद झाले, आणि विब्रेनकाकांनी त्यांना 'दोन बोटं' म्हणायला सुरुवात केली. मग अख्खं गाव तीच हाक मारायला लागलं.

यंदा मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळासाठी आमच्या फ्रीसलंडची ही जुनी गलबतं हुबेहूब उभी केली. प्रत्येकाची मापं समितीच्या दप्तरातून घेतली. खेळात विब्रेनकाकांचं गलबत सगळ्यांच्या मागे राहायला लागलं.

ते तणतणत घरी आले. "बापाचा राग माझ्या गलबतावर काढतेस होय गं? सहा वर्षं ओळीनं जिंकतोय मी."

"काका, दप्तरात आहेत तीच मापं घातलीत. मी तरी काय करणार?"

"दप्तर घाल चुलीत. मी स्वतः मोजून देतो, तेवढं खरं घाल."

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. फळी न् फळी मोजलेली, खाली ठसठशीत सही. मी कॉफी पाजली, साखरपाव खाऊ घातला आणि त्यांच्यासमोर ती मापं घातली. गलबत पहिलं आलं. काका खूश होऊन गेले. कागद मी समितीला नेऊन दिला.



काल भर बाजारात बाबांनी आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना हाक मारली, "काय चार बोटं, बरंय ना?"