अक्षर लागत नाही

"हाफ लाइफ म्हणजे काय?" परीक्षकबाईंनी विचारलं आणि काकांची जीभ टाळूला चिकटली.

वर्गात सगळे त्यांना काकाच म्हणत. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला बाकीची मुलंमुली अठरा-एकोणीसची, काका बावन्नचे. अठ्ठावीस वर्षं ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांनी वयोमानाने दवाखाना बंद केला, तेव्हा समोरच्या औषध दुकानाच्या मालकांनी काकांना बोलावून घेतलं. "काम तुम्हाला येतं हो, पण कायद्याला कागद लागतो. डिप्लोमा करून या, तुमची जागा धरून ठेवतो," ते म्हणाले. म्हणून काका या वयात वह्या-पुस्तकं घेऊन बसले. लेखी परीक्षा कशीबशी निभावली. आता तोंडी. इथे आपटले की वर्ष गेलं.

हाफ लाइफ त्यांना येत नव्हतं असं नाही. कालच लेकीने स्वयंपाकघरात बसवून ते घोटून घेतलं होतं.

"औषध रक्तात निम्मं उरायला जेवढा वेळ लागतो, तो वेळ. कळलं, बाबा?"

"म्हणजे तुझ्या आईचा राग. दोन तासांनी निम्मा, चार तासांनी पाव. पुरता जात मात्र नाही."

"जाईल कसा?" भांडी पुसता पुसता काकू म्हणाल्या होत्या. "निम्मा व्हायच्या आत तुम्ही पुढचा डोस देता."

तिघंही पोट धरून हसली होती. आता काकांना ते हसणं तेवढं आठवत होतं.

"राग..." ते पुटपुटले.

"काय?"

"काही नाही, मॅडम. पुढचं विचारा."

"कॉन्ट्राइंडिकेशन."

हा शब्द काकांना वर्षभर हुलकावणी देत आला होता. शब्दाऐवजी त्यांच्यासमोर माणूसच उभा राहिला. "आमच्या गल्लीत एक शिंपी आहेत. त्यांच्या पोटात अल्सर. गुडघा दुखतो म्हणून वेदनाशामक गोळी मागायला आले. मी दिली नाही. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"मी व्याख्या विचारली."

"तेच सांगतोय. गोळी चांगली, पण या माणसाला नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांनी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला. "ही चिठ्ठी. कुठलं औषध द्याल, किती मात्रेचं?"

काकांच्या जिवात जीव आला. व्याख्या राहू द्या, पण चिठ्ठी वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. ते त्यांनी अठ्ठावीस वर्षं वाचलं. लोक गावभरच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्याकडे येत.

त्यांनी चष्मा पुसला, कागद धरला. पहिलं अक्षर लागेना. कागद तिरका केला, लांब धरला, खिडकीकडे नेला. या बाजूने बघावं तर मधुमेहाच्या गोळीचं नाव वाटे, त्या बाजूने खोकल्याच्या. पुढचा आकडा पाच की पन्नास? एका शून्याने माणूस उभा राहतो, एका शून्याने आडवा होतो.

निघताना लेकीने बजावलं होतं, "बाबा, गप्प बसू नका. काहीतरी सांगा. निदान निम्मे गुण मिळतात." एक नाव जिभेच्या टोकावर आलं. बाईंचं पेन वहीवर थांबलं होतं.

काकांनी कागद खाली ठेवला. "अक्षर लागत नाही, मॅडम."

"अंदाजाने सांगा."

"अंदाजाने औषध देता यायचं नाही. डॉक्टरांना विचारून येईन. तोवर पेशंटला बाकावर बसवेन."

"त्याला घाई असेल तर?"

"प्यायला पाणी देईन."

"ठीक आहे. या तुम्ही."

काकांचा नंबर शेवटचा होता; बाहेर व्हरांड्यात आधी आटपलेल्या मुलांचा गलका चालला होता. "रक्तदाबाची गोळी होती ती," एक मुलगी ठासून सांगत होती. दुसरा म्हणत होता अँटिबायोटिक. काकांना वाटलं, चूक असो की बरोबर, पोरांना काहीतरी वाचता तरी आलं. त्यांनी कोपऱ्यात जाऊन लेकीला फोन लावला.

"जे एक येत होतं, तेच आज आलं नाही गं."

"मग काय सांगितलंत?"

"खरं ते."

"बरं केलंत, बाबा. घरी या, आई वाट बघतेय."

फोन ठेवला आणि काकांना नवल वाटलं. वर्ष गेलं असेल, पण जीव हलका होता. पुन्हा बसू परीक्षेला. मालक जागा धरून ठेवतीलच.

ते जिन्याकडे वळले, इतक्यात दार उघडून परीक्षकबाई बाहेर आल्या. हातात तोच कागद होता.

"इथे उजेड चांगला आहे. पुन्हा बघा बरं."

काकांनी कागद घेतला. उन्हात धरून नीट, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मान हलवली. "नाही मॅडम, आताही लागत नाही."

"लागणारही नाही," बाई पहिल्यांदाच हसल्या. "सकाळी डोळे मिटून मी त्यावर नुसत्या रेघोट्या ओढल्या. तेवीस जणांनी त्या वाचून मला औषध दिलं, आणि या प्रश्नाचे पैकीच्या पैकी गुण मी एकट्या तुम्हाला दिलेत."