ऐकलेलं वाक्य

'धर्म' या शब्दापाशी कोशाचं गाडं अडलं होतं. अर्थ तयार होता, उदाहरणाचं वाक्य मिळत नव्हतं.

अर्थ संपादकांनी स्वतः लिहिला होता: 'जन्मासोबत लाभणारी, मरेपर्यंत न सुटणारी श्रद्धेची व्यवस्था.' कचेरीत त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत, कारण त्यांच्या हातून कुणाचाही अर्थ अख्खा सुटत नसे. नियम मात्र त्यांनी स्वतःलाही लावला होता. उदाहरण मनाने रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच घ्यायचं. मग शब्दाच्या जागी अर्थ ठेवून वाचायचं. जुळलं नाही, तर अर्थ बदलायचा. ऐकलेल्या वाक्याला हात लावायचा नाही.

समोरच्या टेबलावर त्यांची मुलगी बसायची. तिने परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरचं दार तिला बंद होतं. कचेरीचं दार बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून बाप-लेक एकमेकांना अहो-जाहो करत आणि फक्त शब्दांविषयी बोलत. आईला बघायला तिचा जीव तुटायचा, पण तो विषय तिथे कधी निघत नसे.

"कुणापाशी आहे का एखादं वाक्य?" संपादकांनी विचारलं.

"माझ्यापाशी आहे," मुलगी म्हणाली. "'तू धर्म सोडलास, आता या घरात पाय ठेवू नकोस.'"

टंकलेखकाची बोटं थांबली.

"ऐकलेलं आहे?" संपादक सवयीने विचारून बसले आणि ओशाळले.

"हो. दारात उभी होते तेव्हा."

त्यांना फार वाईट वाटलं. पण काम ते काम. त्यांनी शब्द काढून अर्थ बसवला आणि मोठ्याने वाचलं. "तू जन्मासोबत लाभणारी, मरेपर्यंत न सुटणारी श्रद्धेची व्यवस्था सोडलीस." जुळत नव्हतं. जे सुटतच नाही, ते ती सोडणार कशी?

मुलीने खोडरबर त्यांच्याकडे सरकवलं. आता बाबा 'मरेपर्यंत न सुटणारी' एवढं पुसतील, आणि आपण धर्म सोडल्याचं कोशातही पक्कं होईल, हे तिला दिसत होतं. नियमच तसा होता.

संपादकांनी खोडरबर हातात घेतलं. मग ते परत तिच्यापुढे ठेवलं.

"अर्थ बरोबर आहे," ते म्हणाले. "वाक्य चुकलं होतं. संध्याकाळी घरी ये, जावयांनाही आण."