निर्धूम प्रभाग

"प्रभाग सतरामध्ये आता एकही धूम्रपान करणारा राहत नाही," असं आरोग्याधिकारी विरकरांनी जाहीर केलं होतं. यादीपुरतं हे विधान अक्षरशः खरं होतं. गल्लीच्या तोंडाशी आणि दवाखान्याच्या दाराशी श्वास तपासणारे श्वासखांब होते. खांब ज्याच्या छातीत धूर ओळखी, त्याचं नाव प्रभागाच्या रहिवाशांच्या यादीतून आपोआप गळे, आणि यादीबाहेरच्या माणसाला गल्लीतल्या दवाखान्याचं दार उघडत नसे. नाव पुन्हा लावायचं तर आपली चूक स्वतःच्या आवाजात खांबाला सांगावी लागे. परिचारिका यमुना तांडेलचा भाऊ त्याच बंद दारात मेला. कबुलीचं वाक्य पुरं करण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता.

आज त्याच दाराच्या पायरीवर विरकर धापा टाकत बसले होते. त्यांच्या चोरून ओढलेल्या सिगारेटी खांबाने हेरल्या होत्या.

"यमुनाताई, दार उघडा. मला ओळखता ना?"

"मी ओळखते, साहेब. यादी ओळखत नाही." ऑक्सिजनची नळी हातात धरून ती काचेआड उभी होती. "नियम तुमचाच आहे, चूक सांगा. सिगारेटची नको, ती खांबाला ठाऊक आहे."

कबुली गल्लीभर ऐकवायची, हा नियमही त्यांचाच. प्रत्येक खांबातून विरकरांचा तुटक आवाज आला:

"लोकांची सिगारेट सुटेना, म्हणून मी त्यांची नावं काढली. उपचारांवाचून माणसं मरतील, हे मला माहीत होतं."