धान आणि तांदूळ

रीनाने आपल्या संशोधनाचा छापील पेपर पुढे केला तेव्हा घनश्याम सर परीक्षेचं वेळापत्रक आखत होते. त्यांनी मान वर न करता तो टेबलाच्या खणात सरकवला.

बालाघाटच्या त्या खासगी कॉलेजात रीना सहा वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवत होती, तेही दरवर्षी नव्या करारावर. आता एक कायमची जागा निघाली होती. तिचा पेपर एका मोठ्या कॉन्फरन्समध्ये निवडला गेला होता, जिथून शंभरातले ऐंशी परत येतात. या विषयात सगळं जग आधी कॉन्फरन्सकडे पाहतं. कॉलेजच्या फॉर्मला मात्र जगाशी देणंघेणं नव्हतं. त्यात एकच रकाना होता, जर्नलचा.

विभागप्रमुख म्हणून सरांचं मतही फॉर्मसारखंच होतं.

"कॉन्फरन्स म्हंजे धान, रीना. जर्नल म्हंजे तांदूळ. पाहुण्याच्या ताटात धान वाढते काय कोणी?"

"सर, तुमी एकदा वाचून तं पाहा."

"जर्नलमंदी आला का वाचतो."

तिला फार लागलं. पण जागा हवी होती. किरनापूरहून येता-जाता बसमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन तिने सहा महिने त्याच कामात नवे प्रयोग घातले, पेपर दुप्पट केला आणि जर्नलला धाडला. सरांना तिने फक्त एवढंच सांगितलं, की पाठवलाय.

सरांनी मदत केली, हे मान्य करायला हवं. ते दोनदा प्राचार्यांकडे गेले, पोरगी हुशार आहे, एका कागदासाठी अडवू नका म्हणाले आणि मुलाखत महिनाभर पुढे ढकलून घेतली. हाताखालच्या माणसासाठी एवढं कोण करतं?

त्यांची स्वतःची कामं काही थोडी नव्हती. त्याच महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे तपासले, कुठूनसा मतासाठी आलेला बिननावाचा एक लेख दोन पानं चाळून मार्गी लावला आणि संध्याकाळी वैनगंगेकडे फिरून आले.

मुलाखत शनिवारी होती. शुक्रवारी दुपारी रीना मोबाईल हातात घेऊन सरांच्या खोलीत आली. जर्नलने पेपर नाकारला होता. तिघांनी तपासला, दोघांनी वाखाणला, तिसऱ्याने नको म्हटलं आणि संपादकाने तिसऱ्याचं ऐकलं.

सरांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला. मग त्यांना राग आला.

"कोन हाय हा तिसरा?"

"नाव नसते ना सर. त्यायलेई माह्यं नाव दिसत नाही."

"वाचलाच नसन त्यानं. सहा महिन्यांची मेहनत हाय पोरीची! अशा माणसाकडे पेपर देतेतच काहून?" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "लिवलं तरी काय त्यानं?"

मजकूर इंग्रजीत होता. रीना एकेक ओळ मराठीत सांगू लागली. हे काम कॉन्फरन्समध्ये येऊन गेलं आहे, त्यामुळे पुढे वाचण्याची गरज वाटली नाही, असं पहिल्या ओळीत होतं. दुसरी ओळ तिने मनातच वाचली. मग पुन्हा वाचली.

"सांग ना," सर म्हणाले.

रीनाने एकदा टेबलाच्या खणाकडे पाहिलं.

"लिवलं हाय सर, पाहुण्याच्या ताटात धान वाढते काय कोणी."