मार्लेश्वराच्या कड्याखाली

तारेला टोचलेली तेवीस पत्रं काढून झाली, तरी मार्चचं पत्र निघालं नाही.

"फेब्रुवारी आहे, मग एकदम मे," कमला म्हणाली. "आजोबा, लढाई मार्चमध्ये झाली. नेमकं तेच नाही."

रावजी घाग पडवीत खांबाला टेकून बसले होते. कमला त्यांच्या धाकट्या भावाची नात. रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि एकेचाळीस सालच्या केरेनच्या लढाईवर प्रबंध लिहीत होती. आफ्रिकेतल्या त्या डोंगरावर मराठा पलटण इटालियनांशी लढली, तेव्हा रावजी त्या पलटणीत शिपाई होते. पण नुसत्या सांगण्यावर भागायचं नाही, त्या वेळचा कागद आणा, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

"मी लिवलेलं," रावजी म्हणाले. "हल्ल्याच्या आदी सगळ्यांनीच घरी लिवलेलं. वाळवीनं खाल्लं आसंल."

"वाळवी तेवढं एकच पत्र शोधून खाते का?"

अंगणात रावजींची बायको हौसाबाई रातांबे फोडत बसल्या होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर येऊन त्यांनी चौघडी केलेला एक कागद कमलासमोर ठेवला आणि पुन्हा रातांब्यांपाशी जाऊन बसल्या. या कागदाला तारेचं भोक नव्हतं.

कमलाने आधी शिक्के पाहिले. सेन्सॉरचा शिक्का होता. हाताने घातलेली तारीख ११ मार्च १९४१. ती मोठ्याने वाचू लागली.

"'तीर्थरूप आयेस रावजीचा दंडवत. मी खुशाल आहे. सध्या आमचा मुक्काम मार्लेश्वराच्या कड्याखाली आहे. ऊन फार आहे. काळजी करू नये.'" ती थांबली. "मार्लेश्वर? आपलं, देवरुखजवळचं?"

रावजींनी मांडीवर थाप मारली. "जागेचं नाव लिवलं की सायब त्याच्यावर काळी शाई फिरवायचा. म्हटलं, आपण कसल्या जागेत हाव, ते घरी कळाया तर हवं! तसाच कडा गो बाय, तसाच उभा. सायबाला काय ठाव, मार्लेश्वर कुटं हाय!"

कमला भराभर लिहून घेऊ लागली. केरेनचा कडा आणि त्याच्याखाली आजोबा, तेही त्यांच्याच अक्षरात. तिला हवं होतं ते मिळालं होतं.

"मी गेलेली," हौसाबाई म्हणाल्या.

"कुटं?"

"मार्लेश्वराला."

रावजींना काही उमगेना. हौसाबाई रातांब्याकडे बघूनच बोलत होत्या.

"मास्तरांनी आयेला पत्र वाचून दाखवलानी, ते मी दाराआडनं ऐकलं. आये म्हणाली, खुशाल हाय ना, मग झालं. मी म्हायेरला जाते म्हणून सांगितलं, भाकऱ्या बांदल्या नि पाच कोस चालत गेले. तितल्या गुरवाला इचारलं, पलटण कुटं उतरलीय? तो हसाया लागला. रात्री त्याच्या बायकोनं ठेवून घेतलंन. दुसऱ्या दिवशी दुपारपत्तूर बसले नि आले घरी."

"अगो, मी आफ्रिकेत व्हतो!"

"आफ्रिकेत व्हतात ते म्हायती हाय. सगळ्या गावाला सांगून झालंय तुमचं. मला वाटलं, मदी चार दिस येऊन गेलात." सुरी थांबली. "शेजारच्या चिमाला तेवढं सांगितलं मी. ती म्हणाली, एवड्या जवळ येऊन घरी आला नाय, मंजे दुसरीकडं बिऱ्हाड आसंल."

रावजींचं तोंड उघडं राहिलं. दर संक्रांतीला मार्लेश्वराला देवाच्या लग्नाला चल म्हटलं की हिचे गुडघे दुखायला लागायचे. पंचविशीतसुद्धा.

"चव्वेचाळीस वर्सं," ते म्हणाले. "एकदा तरी इचारायचंस."

"इचारलं असतं, नि तुमी खोटं बोल्ला असतात, तर?"

कमलाने पत्र उलटं करून उजेडात धरलं. "आजी, देवरुखच्या पोस्टाचा शिक्का चौदा एप्रिलचा आहे. केरेन सत्तावीस मार्चला पडलं. म्हणजे तुम्ही तिथे पोचलात, त्याच्या आधी अठरा-वीस दिवस लढाई संपली होती."

"असंल," हौसाबाई म्हणाल्या. "मला कोन सांगनार?"

कमलाने पिशवीतून ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलेला नकाशा काढला आणि अंगणात जाऊन आजींपुढे पसरला. हा समुद्र, ही रेल्वे, हा घाट, हा कडा. आपल्या गावापासून बोटीने कित्येक दिवसांवर. हौसाबाई बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "नि ह्ये कुटं व्हते?"

रावजी उठून आले. उकिडवे बसले आणि त्यांनी कड्याच्या पायथ्याशी बोट टेकवलं. "हितं. चार दिस." बोट त्यांनी उचललं नाही. "तू कुटं बसलेलीस?"

"धबधब्याच्या अल्याड एक मोटा धोंडा हाय, त्याच्यावर."

रावजींनी कमलाच्या हातातली पेन्सिल घेतली. नकाशावर धबधबा नव्हता. त्यांनी क्षणभर विचार केला आणि आपल्या बोटाच्या शेजारी एक फुली मारली.

हौसाबाईंनी वाकून ती फुली नीट पाहिली.

"जरा वर घ्या," त्या म्हणाल्या. "मी बरीच चढून गेलेली."