किड म्हणजे करडू

त्रिशलाचा नवरा भरतेश जनावरांचा डॉक्टर. आठवडाभर वडूजला, शनिवारी सांगलीला घरी. एका शनिवारी त्याच्या मोबाईलवर तिला मेसेज दिसला, 'किड इज फाइन नाऊ', आणि तिचं डोकंच सटकलं.

"आवं, हे किड कुणाचं?"

"शेळीचं! इंग्रजीत करडाला किड म्हणतात. एवढा संशय बरा न्हाई गं."

तिनं डिक्शनरी काढली. खरंच, पहिलाच अर्थ करडू! बिचारीला लय वाईट वाटलं. त्या दिवशी तिनं त्याच्या पानात तूप जरा जास्तच वाढलं.

पुढच्या शनिवारी त्याच नंबरवरून इंग्रजीत मेसेज आला. त्रिशलानं डिक्शनरी शेजारी घेऊन शांतपणे अर्थ लावला.



'करडाला पहिलीत ॲडमिशन मिळाली. सोमवारी वडिलांची सही लागेल.'